किल्ल्याच्या किल्ल्या

मैत्रिणींनो, इंग्लंडला गेलेली आपली माणसे लंडनमधले मेणाचे पुतळे नि राणीचा राजवाडा पाहून परत येतात. तुमच्यापैकी कुणाला मुलाकडे-लेकीकडे जायचा योग आला, तर एक दिवस मोडून डॉर्सेट परगण्यातला कॉर्फचा किल्ला पाहाच. आमचा मुक्काम साउथॅम्प्टनला धाकट्या नणंदेकडे होता. आम्ही दोघी सकाळी निघालो आणि रात्रीच्या स्वयंपाकाला घरी आलो. वेअरमपर्यंत आगगाडीने साधारण तासाभराचा प्रवास, पुढे बस. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरूनही वेअरमला थेट गाडी आहे. बरोबर दशम्या आणि बटाट्याची कोरडी भाजी घेतली होती. किल्ल्यावरच्या गार वाऱ्यात तिची चव काही औरच!

डोंगराच्या रांगेला खिंड पडली आहे आणि त्या खिंडीत एक सुटी टेकडी. तिच्यावर किल्ला, पायथ्याशी करड्या दगडांचे गाव. आपल्या गडांसारखी छातीवर येणारी चढण नाही, पण गवत ओले असले की पाय घसरतो. साडी नेसलात तरी खाली कॅनव्हासचे बूटच घाला, तिथे कुणी बघत नाही. वर मधल्या दरवाजाशी थांबा. त्याचा अर्धा भाग उभाच्या उभा काही फूट खाली घसरला आहे आणि तसाच राहिला आहे. बाकीचे बुरूजही वाकलेले, फाटलेले. हे काळाने नाही केले, मुद्दाम सुरुंग लावून केले आहे.

किल्ला फार जुना. इ. स. ९७८ मध्ये एडवर्ड नावाच्या कोवळ्या राजाचा इथे खून झाला आणि आळ आला सावत्र आईवर. (सावत्र आई कुठल्याही देशात सुटत नाही!) पण मला सांगायची आहे ती मेरी बँक्सची गोष्ट.

१६४३ साली राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध जुंपले होते. मेरीचे यजमान सर जॉन बँक्स मोठे न्यायाधीश, ते राजाच्या बाजूला, म्हणून घरापासून लांब. घर म्हणजे हा किल्ला! घरात मेरी, लेकी, मोलकरणी आणि पुरुष म्हणाल तर अवघे पाच. मे महिन्यात चाळीसेक खलाशी दाराशी आले, 'तोफा द्या' म्हणून. चार लहान तोफा होत्या. मेरीने मोलकरणींच्या मदतीने त्या गाड्यांवर चढवल्या आणि एक डागली. खलाशी पळाले.

पुढे मात्र तिने त्याच तोफा मुकाट्याने देऊन टाकल्या. मला तिचे खरे शहाणपण इथे दिसते. किल्ला आपलाच झाला अशा समजुतीत शत्रू ढिला पडला, आणि या बाईने तेवढ्यात धान्य, दारूगोळा सगळे आत भरून घेतले. साठवणीचे काम पुरुषांना दिसत नाही, तसे तेही दिसले नाही. जूनअखेर पाच-सहाशे माणसांचा वेढा पडला. तोवर मदतीला थोडी शिबंदी आली होती. शेवटच्या हल्ल्यात वरच्या भागाची राखण मेरी, तिच्या मुली, मोलकरणी आणि पाच शिपायांकडे होती. शिड्या लावून चढणाऱ्यांवर त्यांनी दगड आणि धगधगते निखारे ओतले. सहा आठवड्यांनी वेढा उठला.

"वहिनी, तो तिकडे राजापाशी, ही इकडे लेकरं घेऊन. तिला कुणी विचारलं असेल का हो, तुझा पक्ष कोणता?" नणंद म्हणाली. मला उत्तर सुचले नाही.

१६४४ च्या डिसेंबरात सर जॉन वारले. दुसरा वेढा पडला आणि फेब्रुवारी १६४६ मध्ये किल्ला गेला तो फितुरीने. आतलाच एक अधिकारी कुमक आणतो म्हणून गेला आणि शत्रूची माणसे घेऊन आला. मग पार्लमेंटने किल्ला पाडायचा हुकूम काढला. गावातल्या घरांत त्याचे दगड बसले आहेत. मला आपला सह्याद्री आठवला. १८१८ मध्ये मराठी राज्य घेतल्यावर इंग्रजांनी आपल्या कितीतरी गडांच्या पायऱ्या अशाच सुरुंगांनी उडवल्या. त्याच मे महिन्यात रायगड पडला, तेव्हा गडावर दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती.

किल्ला पूर्वी कसा होता ते बघायचे तर गावात त्याची लहान प्रतिकृती आहे, मुले खूश होतात. हाताशी वेळ असेल तर कोळशाच्या इंजिनाच्या गाडीने स्वॉनेजच्या समुद्रावर जाऊन या. १९७२ मध्ये बंद पडलेला तो फाटा हौशी मंडळींनी पुन्हा उभा केला.

मेरी १६६१ मध्ये वारली. रायस्लिपच्या चर्चमधल्या तिच्या स्मृतिलेखात म्हटले आहे की, बायकांच्या मानाने जास्तच धैर्य तिने दाखवले. बायकांचे धैर्य मोजले होते कुणी? मुलाने पडका किल्ला सोडून किंग्स्टन लेसी इथे नवा वाडा बांधला. जिंकणाऱ्या सेनापतीने तिच्या शौर्याचा मान म्हणून किल्ल्या तिला परत दिल्या असे सांगतात, आणि त्या वाड्यातल्या ग्रंथालयात त्या टांगलेल्या आहेत. आम्हाला तिकडे जायला दिवस उरला नव्हता. नणंद जाणार आहे. तिला बजावून आले आहे, जुडग्यात किती किल्ल्या आहेत ते मोजून कळव.