शेजारधर्म आणि तहनामे

आमच्या एका वाचक भगिनीनें पत्रीं विचारिलें आहे कीं, ‘तुर्कस्थान, सीरिया, इराक हीं नांवें वर्तमानपत्रांत नित्य दिसतात. तेथें राजे गेले, पुढारी पळाले, तह झाले; तरी त्या लोकांच्या पाठीमागची अशांतता सुटत नाहीं, हें कां?’ प्रश्न मार्मिक आहे. त्याचें पुरें उत्तर एका लेखांत देण्याचा आमचा दावा नाहीं. तथापि दोन तहांची हकीकत सांगितल्यास त्यावर थोडा प्रकाश पडेल.

मूळ पाहूं गेल्यास ही एका मोठ्या घराच्या वांटणीची कथा आहे. तुर्की सुलतानाच्या छत्राखालीं तुर्क, अरब, कुर्द असे नाना लोक सुमारें चारशें वर्षें नांदले. सुखानें नांदले असें म्हणवत नाहीं, परंतु एका उंबरठ्याच्या आंत नांदले. पहिल्या महायुद्धांत तें घर कोसळलें. त्या युद्धाशीं महाराष्ट्राचाही संबंध आहे. २९ एप्रिल १९१६ रोजीं इराकांतील कूत येथें इंग्रजांची पुणें डिव्हिजन तुर्कांस शरण गेली. तींत मराठा पलटणींतील जवान होते व त्यांतील कित्येक पुन्हां घरीं आले नाहींत. यानंतर तीन आठवडेही लोटले नव्हते, तोंच १६ मे रोजीं इंग्लंड व फ्रान्स यांनीं अरबी मुलूख आपसांत वांटून घेण्याचा गुप्त करार पुरा केला. प्रत्यक्ष सीमा पुढें निराळ्या ठरल्या, पण रीत तीच राहिली. भाऊ वेगळे निघतात तेव्हां पंच निदान गांवांतले असतात; येथें पंचांनींच शेतें आपल्या नांवावर करून घेतलीं!

तुर्कांनीं आपला वांटा लढून राखिला. १९२३ च्या लोझानच्या तहानें त्यांनीं बहुतेक सीमा मान्य करून घेतल्या, आणि हिंदुस्थानांत जिच्यासाठीं मोठी चळवळ झाली होती ती खिलाफत ३ मार्च १९२४ रोजीं स्वतःच मोडली. अरबांच्या वांट्याला मात्र परक्यांची देखरेख आली.

आतां ते दोन तह. पहिला २० जुलै १९३६ रोजीं स्वित्झर्लंडांतील माँत्रो येथें झाला. काळ्या समुद्रांतून भूमध्य समुद्रांत येण्याची वाट तुर्कस्थानाच्या दारावरून जाते. या तहानें त्या दाराची किल्ली तुर्कांच्या हातीं दिली, शांततेच्या काळीं व्यापारी जहाजांस वाट मोकळी ठेविली आणि दूरच्या राष्ट्रांच्या युद्धनौकांवर मर्यादा घातली. दुसरें महायुद्ध झालें, रशियांत राज्यें पालटलीं, तरी हा तह टिकला. २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली तेव्हां याच तहाच्या आधारानें तुर्कस्थानानें लढणाऱ्या राष्ट्रांच्या युद्धनौकांस दार लावून घेतलें.

दुसरा तह बगदादचा. २४ फेब्रुवारी १९५५ रोजीं तुर्कस्थान व इराक यांनीं तो केला. त्याच वर्षीं इंग्लंड, पाकिस्तान व इराण त्यांत आले. रशियाला अटकाव करावा हा हेतु. परंतु अरब जनतेला त्यांत जुन्या धन्याचाच हात दिसला. १४ जुलै १९५८ रोजीं इराकी सैन्यानें उठाव केला, तरुण राजा दुसरा फैजल मारला गेला आणि पुढच्या वर्षीं, ज्या शहराचें नांव तहाला होतें तेंच शहर तहांतून बाहेर पडलें.

दोहोंत भेद कोणता? आमच्या मतें, पहिला तह वाटेचा होता, दुसरा गादीचा. वाटेवर ज्यांचें ज्यांचें येणें-जाणें होतें त्या बहुतेकांचा हिशेब पहिल्यांत धरला होता; दुसऱ्यांत राज्यकर्त्यांनीं एकमेकांच्या आसनांची काळजी वाहिली आणि प्रजेला कोणी विचारिलेंच नाहीं.

हाच प्रकार सीरियांत घडला. १९९८ च्या अदाना करारानें तुर्कस्थानाचें त्या देशाशीं असलेलें कुर्द बंडखोरांविषयींचें भांडण मिटलें व २००९ सालीं प्रवासाचे परवानेही उठले. परंतु २०११ सालीं दरआ गांवीं भिंतीवर राजवटीविरुद्ध लिहिणाऱ्या मुलांना पकडण्यांत आलें, लोक खवळले आणि देश पेटला. दोन राज्यकर्त्यांची मैत्री त्या आगींत खाक झाली, व ३५ लाखांहून अधिक निर्वासित तुर्कस्थानाच्या आश्रयाला आले.

कित्येकांचें म्हणणें असें कीं, अशा देशांना कडक हातच हवा. घरांत एखाद्या कोपिष्ट वडिलांच्या धाकानें सारीं गप्प बसतात, तेव्हां पाहुण्याला तें घर मोठें शांत वाटतें. माजघरांत काय चाललें आहे तें त्याला दिसत नाहीं. असद घराण्याच्या पन्नासांहून अधिक वर्षांच्या राजवटींतील शांतता या जातीची होती. परंतु धाक गेला म्हणजे सलोखा आपोआप येतो, हेंही खरें नव्हे. २००३ सालीं अमेरिकेनें इराकचें सैन्य एका हुकुमानें मोडलें. लाखों शिपाई बेकार झाले व त्यांतील कित्येक बंडखोरांस मिळाले.

८ डिसेंबर २०२४ रोजीं दमास्कस पडलें व बशर असद रशियाला पळाला. त्यानंतर लाखों निर्वासित परतले, ही आनंदाची गोष्ट. परंतु २०२५ च्या मार्चांत किनाऱ्यावरील अलवी लोकांची आणि जुलैंत सुवेदा प्रांतांतील द्रुज लोकांची कत्तल झाली. म्हणजे नव्या वांटणीपत्रांत आपलें नांव आहे कीं नाहीं, ही शंका त्यांच्या मनांतून गेलेली नाहीं.

आमच्या भगिनीच्या प्रश्नाचें उत्तर आम्ही येथेंच शोधतों. गादीवर कोण बसला यावरून शेजाऱ्यांची झोंप ठरत नाहीं. घरांतल्या सर्वांत दुबळ्या माणसाला त्या घरांत रात्रीं निर्धास्तपणें डोळा मिटतां येतो कीं नाहीं, यावरून ती ठरते. अंकारा, बगदाद आणि दमास्कस येथील मुत्सद्द्यांनीं पुढचा तहनामा लिहितांना एवढें ध्यानीं धरलें, तर तो कदाचित् माँत्रोच्या तहासारखा टिकेल. न धरलें, तर बगदादच्या तहाची गत समोर आहेच.