परत मिळाले तरच जपले

पूर्वी पुष्कळ घरांत एक लोखंडी पेटी असे. घराची कागदपत्रे, जन्माचे दाखले, जुनी पत्रे असा सगळा मोलाचा ऐवज तिच्यात ठेवलेला असे. आज त्या पेटीचे काम घरचा संगणक करतो. अब्बांच्या दुकानाचा हिशोब, आपाचा कॉलेजातला प्रकल्प, ईदची छायाचित्रे, सारे त्याच्या पोटात असते. पण लोखंडी पेटी एका रात्रीत नाहीशी होत नसे. संगणकातली डिस्क मात्र काही न सांगता बंद पडू शकते.

आमच्या घरी असेच झाले. एका सकाळी संगणक सुरूच होईना. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या आणि तो थांबला. मी मुळीच घाबरलो नाही. "माझ्याजवळ सगळ्याची नक्कल आहे," असे मी ऐटीत सांगितले आणि कपाटातून बाहेरची हार्ड डिस्क काढली. नक्कल तिच्यात होती. पण संगणक सुरूच होत नव्हता, तर ती उतरवायची कशी? त्यासाठी लागणारा पेन ड्राइव्ह मी कधी तयारच केला नव्हता. शेजाऱ्यांच्या संगणकावर तो तयार केला, नवी डिस्क आणून बसवली, तेव्हा कळले की नक्कल आठ महिन्यांपूर्वीची आहे. त्या आठ महिन्यांत अम्मीने नानीच्या तोंडच्या कहाण्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. नानी आता या जगात नाहीत. त्या कहाण्याही परत आल्या नाहीत.

त्या दिवसापासून माझे एक मत पक्के झाले आहे. नक्कल घेणे हे अर्धेच काम आहे. ती परत उतरते की नाही, हे पाहिले तरच काम पुरे होते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. विंडोजच्या संगणकात बहुधा 'सी' नावाचा ड्राइव्ह असतो. संगणक चालवणारी मूळ प्रणाली, इतर प्रोग्राम आणि आपण केलेल्या मांडणी त्यात असतात. 'डेस्कटॉप'वर ठेवलेल्या फाइलीही बहुधा त्यातच असतात. नक्कल दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात फक्त आपल्या फाइली दुसरीकडे उतरवून ठेवतात. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण ड्राइव्हचीच हुबेहूब प्रत घेतात. तिला 'इमेज' म्हणतात. इमेज परत उतरवली, की संगणक त्या दिवशी होता तसा होतो. मात्र त्या दिवसानंतर त्या ड्राइव्हवर केलेले काम पुसले जाते. म्हणून इमेज अधूनमधून घ्यावी आणि फाइलींची नक्कल वारंवार घ्यावी.

अशी चूक फक्त घरीच होते असे नाही. १९९८ साली अमेरिकेत पिक्सार या कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू होते. कोणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाचा बहुतेक भाग संगणकांवरून पुसला गेला. नक्कल होती, पण ती नीट घेतली जात नव्हती, हे त्याच वेळी उघडकीस आले! शेवटी चित्रपट वाचला तो घरच्या संगणकामुळे. गॅलिन सस्मन या अधिकारी बाई तान्ह्या बाळामुळे घरून काम करत. त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक ब्लँकेटात गुंडाळून, मोटारीतून जपून कचेरीत आणला गेला. एवढ्या मोठ्या कंपनीनेही आपली नक्कल वेळीच तपासली नव्हती.

खरे तर हा धडा आपल्याला नवा नाही. हाफिज कुरआन पाठ करतात आणि तेवढ्यावर थांबत नाहीत. ते पुन्हा पुन्हा दुसऱ्याला म्हणून दाखवतात. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात इमामांच्या मागे दुसरे हाफिज लक्ष देऊन ऐकत असतात. कुठे चूक झाली तर ते लगेच आठवण करून देतात. जे जपायचे, ते वारंवार तपासायचे, ही रीत आपण रोज पाहतो. संगणकाच्या बाबतीत मात्र ती विसरतो.

तुम्ही म्हणाल, "आता सगळे इंटरनेटवर आपोआप साठते. मग हा खटाटोप कशाला?" पण अशा सोयींत पुष्कळदा दोन्हीकडच्या फाइली सारख्या ठेवल्या जातात. इकडे फाइल पुसली, की काही दिवसांनी ती तिकडूनही जाते. कोणी म्हणेल, "माझी बाहेरची डिस्क संगणकाला सदैव जोडलेली असते." तेही धोक्याचे आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने जगभरच्या संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. असे प्रोग्राम जोडलेल्या डिस्कवरची नक्कलही सोडत नाहीत. म्हणून काम झाले की डिस्क काढून ठेवावी. एक प्रत घराबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे ठेवली तर अधिक बरे.

तपासणी अवघड नाही. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून पाहा. त्याला बाहेरची डिस्क आणि तिच्यातली इमेज दिसते का, ते बघा आणि तिथेच थांबा. चालू ड्राइव्हवर उगीच इमेज उतरवू नका. मग नकलेतून चार-पाच फाइली नव्या फोल्डरमध्ये परत आणा व उघडून पाहा. ड्राइव्हला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवा. किल्ली त्याच संगणकात ठेवणे म्हणजे पेटीची चावी पेटीतच बंद करणे होय.

३१ मार्च हा 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून २०११ पासून पाळला जातो. त्या दिवशी पुष्कळ लोक नक्कल घेतात. तुम्ही एक पाऊल पुढे जा. घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या, जुनी नक्कल काढा आणि तिच्यातली एक फाइल परत आणून दाखवा. ती उघडली, तर निश्चिंत व्हा. उघडली नाही, तरी वाईट वाटून घेऊ नका. मूळ फाइल अजून संगणकात आहे, तोवर चूक सुधारता येते. आम्हाला ती संधी मिळाली नाही.