नाकाची पट्टी आणि नांवाची जागा

लंडनचें 'नेचर' हें १८६९ सालीं निघालेलें शास्त्रीय साप्ताहिक. आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांनीं तें पाहिलें असेल. पण २०२२ च्या सप्टेंबरांत त्यानें जें लिहिलें तें कुणब्या-कारागिरांच्या घरांतही वाचलें जावें. आपल्या पानांतून वंशद्वेषास थारा मिळाला, इतर लोकांस हिणवणारे लेख छापले गेले, अशी उघड कबुली त्या पत्रानें दिली. दीडशें वर्षांनीं कां होईना, दिली!

ही उठाठेव आपणांस कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास आम्ही रिस्ले साहेबाची आठवण देतों. १९०१ च्या खानेसुमारीचा हा मुख्य अधिकारी. त्यानें लोकांच्या नाकांस पट्टी लावली, आणि नाक जितकें रुंद तितकी जात खालची, असा नियम बांधला. मराठ्यांस 'शक-द्राविड' ठरवून १९०८ च्या ग्रंथांत तें छापूनही टाकलें. ज्यांचीं नाकें मोजलीं त्यांस कोणी विचारलें होतें काय? पोथी जें तोंडानें सांगत होती तेंच साहेबानें आंकड्यांनीं सांगितलें, आणि छापील म्हणून तें शास्त्र ठरलें.

उत्तरही छापूनच द्यावें लागलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध १९१७ मध्यें 'इंडियन अँटिक्वेरी'त आला. पुढें १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथांत त्यांनीं नाकांचींच मोजमापें हातीं घेऊन वंशभेदाचा सिद्धांत खोडून काढला.

आज पट्टी गेली, पण दार अरुंदच आहे. आपल्या मोठ्या विज्ञानसंस्थांत दलित-आदिवासी किती थोडे, हें 'नेचर'नेंच २०२३ मध्यें छापलें. त्याच पत्रानें २०२० मध्यें, लेख सर्वांस मोफत वाचतां यावा म्हणून लेखकाकडून ९,५०० युरो, म्हणजे आठ लाखांवर रुपये, घेण्याचें जाहीर केलें. सरकारनें २०२४ मध्यें मासिकें वाचण्याच्या सोयीसाठीं तीन वर्षांस सहा हजार कोटी मंजूर केले. वाचण्याची सोय झाली, लिहिणाराचें काय?

आणि ज्याच्या हातीं लेखणीच नाहीं त्याचें? चांदा जिल्ह्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे थोड्याशा जमिनीचे दलित शेतकरी. भाताच्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षें पेरून त्यांनीं 'एचएमटी' वाण काढलें. १९९८ मध्यें कृषि विद्यापीठानें 'पीकेव्ही-एचएमटी' बाहेर काढलें, आणि मूळ वाण आपलें हें सांगत दादाजींस फिरावें लागलें. २०१८ सालीं ते वारले. शेतकऱ्याचें बी चालतें, नांव चालत नाहीं, हा कुठला न्याय?

आमच्या कळंबच्या शेजारीं, जुन्नर तालुक्यांतील खोडदला, तीस दुर्बिणींचा मोठा पसारा आहे. तिथलें संशोधन जगभर इंग्रजींत छापलें जातें. आमचें मागणें साधें आहे. सरकारी पैशानें झालेल्या प्रत्येक संशोधनाचा दोन पानांचा मराठी गोषवारा निघावा. आणि ज्याच्या शेतांतून बी, भट्टींतून युक्ति किंवा अंगांतून रक्ताचा नमुना नेला, त्यास विचारून न्यावा व देणारा राजी असल्यास त्याचें नांव लेखकांच्या ओळींत घालावें, तळटीपेंत नव्हे. पुढील ग्रामसभेंत हा ठराव मांडून विद्यापीठास व आमदारांस धाडावा, अशी आम्ही गांवोगांवच्या मंडळींस विनंति करतों.