चाळीसगावचा टांगा आणि आपल्या पोरांची मोटारसायकल

1929 साल. बाबासाहेब चाळीसगाव स्टेशनवर उतरले. महारवाड्यात न्यायला आपले लोक आले होते, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मात्र तुमचाच माणूस. आपल्यातल्या एकाने लगाम हातात घेतला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीच्या मोरीवर चाक अडकले, घोड्यासकट टांगा खाली गेला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे त्यांनी स्वतः लिहिले आहे. टांगेवाल्याची जातीची घमेंड त्यांनी सांगितलीच, पण आपल्या लोकांची चूकही लपवली नाही. पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात त्याच्या जिवाचा विचार राहून गेला होता.

हा प्रसंग आपण भाषणात अर्धाच सांगतो. टांगेवाल्यावर टाळ्या घेतो आणि थांबतो. उरलेला अर्धा भाग आपल्याविषयी आहे, म्हणून तो गिळून टाकतो.

आज टांगा गेला, मोटारसायकल आली. घोड्यावर बसलेल्या दलित नवरदेवाला खाली उतरवल्याच्या बातम्या अजून येतात. अशा देशात स्वतःच्या गाडीवर निळा झेंडा लावून गावातून जाणे ही साधी गोष्ट नाही, हे आम्ही जाणतो. पण ती गाडी चालवायला आपण शिकतो कसे? आम्हीही असेच शिकलो. वस्तीतल्या दादाने पंधरा मिनिटे मागे बसून "क्लच दाब, गिअर टाक, सोड" एवढे सांगितले. ब्रेकबद्दल एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही हायवेवर, तेही ट्रिपल सीट. वाचलो तो योगायोग. आमच्याच वस्तीतला सतरा वर्षांचा एक पोरगा जयंतीच्या रॅलीत वाळूवर घसरला. हेल्मेट नव्हते. त्याच्या आईला आम्ही काय सांगायचे? की तुझा मुलगा चळवळीच्या कामी आला?

केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. त्यातली 50,029 हेल्मेट नसलेली होती. कमावता पोरगा गेला की ज्या घरात दुसरा पगार नाही, ते घर एका पिढीने मागे जाते.

काही कार्यकर्ते म्हणतात, "हेल्मेट घातले तर निळा फेटा कसा दिसणार?" मित्रांनो, फेटा सभेत बांधा. ज्या डोक्यासाठी बाबासाहेबांनी शाळा-कॉलेजे काढली, ते डोके रस्त्यावर फोडून घेण्यात कसला स्वाभिमान? दुसरे म्हणतात, "पोलीस आपल्याच पोरांना अडवतात." अडवत असतील, तर भांडूच. पण परवाना, विमा आणि हेल्मेट घेऊन भांडू. विनापरवाना पोराची बाजू आम्ही चौकीत कोणत्या तोंडाने मांडायची? अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गियरची गाडी दिली, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वर त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. डिलिव्हरी असो वा ड्रायव्हरची नोकरी, परवान्याशिवाय दार उघडत नाही.

मग शिकायचे कसे? आधी शिकाऊ परवाना. तो सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. हे तीस दिवस सरावाचे आहेत. रिकामे मैदान घ्या. पहिले दोन दिवस फक्त क्लच : हळूहळू सोडायचा, गाडी कुठे ओढ घेते ते हाताला कळू द्यायचे. मग दोन्ही ब्रेक एकत्र. पुढचा ब्रेक लावला की पडतो, ही वस्तीतली अफवा आहे. गाडी थांबवण्याचे जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. तो झटक्यात आवळायचा नाही, दाब वाढवत न्यायचा, आणि वाळूवर किंवा वळणात हात आवरायचा. मग पाय न टेकवता इंग्रजी आठच्या आकड्यात फिरायचे. नजर चाकाकडे नको, जायचे आहे तिकडे. हे अंगवळणी पडल्यावर गल्ली, मग रस्ता. हायवे सगळ्यात शेवटी.

आणि हे फक्त पोरांनीच शिकायचे का? घरात गाडी एक, चावी मुलाच्या खिशात. बहिणीला क्लासला सोडायला भाऊ लागतो. भाऊ मोकळा नसला की क्लास बुडतो. समाजाची प्रगती बाबासाहेब स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत. त्या मापाने आपल्या वस्तीतली चावी कोणाच्या हातात आहे, ते मोजा. बहिणीला गाडी न देणारा भाऊ आणि चाळीसगावचा टांगेवाला यांच्यात फरक कितीसा, हे आम्ही कडूपणाने विचारतो.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जाणाऱ्या पैशातले थोडे बाजूला काढा. पाच-दहा आयएसआय मार्कची हेल्मेटे घ्या. विहाराजवळच्या मैदानात रविवारी सकाळी सराव ठेवा, परवाना असलेला जाणकार माणूस उभा करा, मुलींना पहिली पाळी द्या. शिकाऊ परवान्याचे अर्ज वस्तीतच भरून द्या. आणि रॅलीत नियम करा : परवाना नाही तर हँडल नाही, हेल्मेट नाही तर सीट नाही.

चाळीसगावात लगाम आपल्या हाती आला, पण हाकायला कोणी शिकलेले नव्हते. तेव्हा शिकण्याची संधीच नव्हती, त्या माणसाला आम्ही दोष देत नाही. आज संधी आहे. तरीही न शिकता हँडल धरणार असू, तर दोष फक्त आपला.

जयभीम!