फ्रीजची निगा: रूढ सूचनांचे खंडन आणि मंडन

घरगुती उपकरणांविषयीच्या सूचना एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना सूचना तेवढी टिकते आणि तिच्यामागचे कारण गळून पडते. त्यामुळे एका काळी, एका प्रकारच्या यंत्रासाठी योग्य असलेला सल्ला पुढे सरसकट नियम म्हणून सांगितला जातो. फ्रीजच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडले आहे. वीज वाचावी आणि यंत्र टिकावे या दोन रास्त हेतूंनी रूढ झालेल्या सूचनांपैकी काही सूचना अन्न नासवणाऱ्या आणि यंत्रालाही अपायकारक आहेत. त्यांचे खंडन करणे अगत्याचे आहे, कारण त्यांची किंमत वीजबिलात दिसत नाही. ती घरातील लहान मुलांना आणि वृद्धांना मोजावी लागते, ज्यांना दूषित अन्नाची बाधा अधिक तीव्रतेने होते.

कोणत्याही सूचनेची परीक्षा करण्यापूर्वी यंत्राचे कार्य ध्यानात घेतले पाहिजे. फ्रीज आतील उष्णता उचलून बाहेरच्या हवेत सोडतो, एवढेच त्याचे काम असते. हे काम शीतक, म्हणजे अतिशय कमी तापमानाला उकळणारा पदार्थ, करतो. आतील बाजूच्या नळ्यांत, म्हणजे बाष्पकात, शीतकाची वाफ होते आणि त्या वेळी तो अन्नाची उष्णता शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तिचा दाब व तापमान वाढवतो, आणि मागच्या जाळीत किंवा बाजूच्या पत्र्याआड बसवलेल्या संघनकात ती वाफ उष्णता बाहेर सोडून पुन्हा द्रव होते. आतील तापमान ठरलेल्या मर्यादेपर्यंत उतरले की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर थांबवतो आणि ते वाढले की पुन्हा सुरू करतो.

सर्वांत दृढमूल सूचना अशी की, रात्री कोणी दार उघडत नाही, म्हणून झोपताना फ्रीज बंद करावा. त्यामुळे वीज वाचते आणि कॉम्प्रेसरला विश्रांती मिळते. हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. बंद फ्रीज वीज घेत नाही हे खरे, आणि दिवसभर चालू राहणाऱ्या यंत्राविषयी काटकसरी घरात शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु विश्रांतीचा मुद्दा थर्मोस्टॅटमुळे मुळातच निकालात निघतो, कारण कॉम्प्रेसर दिवसातून अनेकदा आपोआप थांबतच असतो. इन्व्हर्टर पद्धतीच्या फ्रीजमध्ये मोटरचा वेग गरजेनुसार कमी-अधिक होतो आणि ती मंद गतीने दीर्घ काळ चालते. ते सतत चालणे हाच तिच्या काटकसरीचा मार्ग असतो.

राहिला विजेचा प्रश्न. फ्रीज बंद असतानाही भिंतींतून आणि दाराच्या रबरी पट्टीतून उष्णता आत शिरतच राहते. सकाळी यंत्र सुरू झाले की ती सर्व बाहेर काढावीच लागते. बचत होते ती फक्त एका कारणाने: आतले तापमान वाढत गेले की आत-बाहेरचा फरक घटतो आणि उष्णता शिरण्याचा वेग थोडा मंदावतो. म्हणजे जेवढे अन्न तापेल तेवढीच वीज वाचेल, आणि अन्न तापू न देणे हेच तर फ्रीजचे प्रयोजन आहे. आकड्यांत पाहू जाता, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित लेबलावर एखाद्या फ्रीजचा वार्षिक वीजवापर 200 युनिट दिलेला असेल, तर दिवसाला साधारण अर्धा युनिट आणि रात्रीच्या 8 तासांना एक पंचमांश युनिटही लागत नाही. त्यातलाही मोठा वाटा सकाळी परत खर्ची पडतो. उलट दार बंद ठेवले तरी वीज गेलेल्या फ्रीजमधील अन्न सुमारे 4 तासच सुरक्षित धरले जाते. भारनियमनाच्या काळात हा धोका नाइलाजाने पत्करावा लागतो. तो रोज रात्री स्वेच्छेने ओढवून घेण्याचे समर्थन कोणत्याही काटकसरीने होत नाही.

दुसरी सूचना अधिक नाजूक आहे, कारण तिच्यात अर्धे सत्य आहे: गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवू नये. उकळते पातेले तसेच आत ठेवल्यास काचेचा कप्पा तडकू शकतो, वाफेमुळे ओलावा व बर्फ वाढतो आणि शेजारचे दूध-दही तापते. इतपत सूचना ग्राह्य आहे. तथापि तिचा व्यवहारातला अर्थ 'अन्न पूर्ण गार होईपर्यंत ओट्यावर राहू द्यावे' असा होतो, आणि रात्रीचा भात सकाळपर्यंत बाहेरच राहतो. येथे सूचना घातक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जीवाणू झपाट्याने वाढतात आणि शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला 2 तासांपेक्षा अधिक ठेवू नये. भाताबाबत तर विशेष सावधगिरी हवी. बॅसिलस सेरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल स्थितीत टिकून राहणारी त्याची सुप्त रूपे, भात शिजतानाही मरत नाहीत. कोमट भातात ती जागृत होतात आणि जीवाणू वाढून विष तयार करतात, आणि त्यातील वांती घडवणारे विष उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणून रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी तो निर्धोक होत नाही. वेळेवर फ्रीजमध्ये गेलेला शिळा भात आणि ओट्यावर राहिलेला शिळा भात यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे.

कोमट अन्नाने फ्रीजवर भार पडतो ही भीतीही हिशेबात टिकत नाही. एक किलो वरण 60 अंशांवरून 5 अंशांपर्यंत उतरवण्यासाठी सुमारे 230 किलोजूल उष्णता काढावी लागते, आणि कॉम्प्रेसर खर्च केलेल्या विजेच्या दीडपट ते दुप्पट उष्णता बाहेर नेतो असे धरले, तर लागणारी वीज एका युनिटाच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास भरते. यासाठी घरातल्या माणसांचे आरोग्य पणाला लावणे अनाठायी आहे. योग्य रीत अशी: अन्न लहान किंवा पसरट भांड्यांत काढावे, भांडी पाण्याच्या परातीत ठेवून वाफ जिरू द्यावी आणि दोन तासांच्या आत झाकण लावून आत ठेवावे. विदर्भातील उन्हाळ्यासारख्या, 32 अंशांहून अधिक तापमानाच्या काळात ही मुदत एका तासावर आणावी.

थर्मोस्टॅटच्या चकतीवरील आकड्यांचा गैरसमजही दूर व्हायला हवा. साध्या फ्रीजमधील 1 ते 7 हे आकडे अंश दाखवत नाहीत. आकडा जितका मोठा तितकी थंडी अधिक, एवढाच त्यांचा अर्थ असतो, म्हणून '4 वर ठेवला की 4 अंश' हे समीकरण फोल आहे. मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर रात्रभर ठेवावा आणि सकाळी तो 5 अंशांच्या खाली येईल असा आकडा शोधावा. मोसम बदलला की ही तपासणी पुन्हा करावी.

हाताने बर्फ काढाव्या लागणाऱ्या फ्रीजबाबत दोन टोकाच्या सवयी आढळतात. काही घरांत बर्फाचा जाड थर हे यंत्र उत्तम चालल्याचे लक्षण मानले जाते. वस्तुतः तो थर बाष्पक आणि हवा यांच्यामध्ये आडकाठी करतो, म्हणून तो अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये. अन्य घरांत तो सुरीने किंवा उलथन्याने खरवडला जातो. फ्रीझरच्या पातळ अॅल्युमिनियमच्या भिंतीतच शीतकाचे मार्ग असतात आणि टोकदार वस्तूच्या एका घावाने ते फुटू शकतात. बर्फ वितळवण्याचे बटण दाबणे किंवा फ्रीज बंद करून आत गरम पाण्याचे भांडे ठेवणे पुरेसे असते. फ्रीज बंद केल्यावर किंवा वीज जाऊन आल्यावर लगेच बटण खाली-वर करू नये. नळ्यांतील दाब समान होण्यास काही मिनिटे लागतात आणि त्याआधी सुरू होऊ पाहणाऱ्या कॉम्प्रेसरवर अवाजवी ताण येतो.

संघनकाला हवा मिळू देणे ही सर्वांत दुर्लक्षित निगा होय. मुंबईतील लहान स्वयंपाकघरांत फ्रीज कोपऱ्यात दाबून बसवला जातो, त्यावर कापडी आच्छादन पडते, आणि बाजू गरम लागल्या की बिघाडाची शंका घेतली जाते. ज्या नमुन्यांत संघनकाच्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात तेथे तो गरमपणा स्वाभाविकच आहे, कारण आतली उष्णता तेथूनच बाहेर पडते. माहितीपुस्तिकेत सांगितलेले भिंतीपासूनचे अंतर सोडावे, आच्छादन काढावे आणि शेगडीजवळची जागा टाळावी. जागेअभावी सर्व जमत नसेल, तर निदान आच्छादन तरी दूर करावे. कोकणातल्या दमट हवेत दाराच्या रबरी पट्टीला बुरशी धरते, ती कोमट साबणपाण्याने पुसून कोरडी करावी. दारात कागद धरून दार लावावे. तो सहज ओढला गेला तर पट्टी सैल झाली आहे असे समजावे.

शेवटी, ठरावीक वर्षांनी 'गॅस भरून घेण्याचा' सल्ला सर्वस्वी त्याज्य आहे. शीतक इंधनासारखा जळत नाही; तो बंद नळ्यांत फिरत राहतो आणि नळ्या शाबूत असतील तर फ्रीजच्या आयुष्यभर पुरतो. तो कमी झाला असेल तर गळती आहे हे निश्चित, म्हणून आधी गळतीची जागा शोधून ती झाळून घ्यावी, नळ्यांतली हवा व ओलावा निर्वात पंपाने काढावा आणि मगच मोजून शीतक भरावा. आजच्या अनेक घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा शीतक असतो. त्याचे प्रमाण साधारणतः शंभर ग्रॅमहूनही कमी असले तरी तो ज्वलनशील आहे, त्यामुळे मागच्या लेबलावर त्याचा निर्देश असेल तर हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच, खिडक्या उघड्या ठेवून आणि स्वयंपाकघरातील शेगडी विझवून करून घ्यावे.