पोस्टर मंजूर झाले, तिकिटाचे काय?



या महिन्यात गोसीखुर्द धरणाजवळच्या एका पुनर्वसित गावातून एका वालिदांचे पत्र आले आहे. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात दोन महिने एका प्रयोगशाळेत राहून तिने फळमाशीला वास कसा कळतो, यावर काम केले. त्या कामाचे पोस्टर बंगळुरूच्या मेंदूविज्ञान परिषदेत मंजूर झाले आहे. ते लिहितात, "नोंदणी, प्रवास, राहणे धरून बारा-चौदा हजार लागतील. केळ्यावर बसणाऱ्या माशीसाठी एवढा खर्च करावा का? आणि मुलीला इतक्या लांब पाठवावे का?"

भाईसाहेब, दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आधी माशीचे पाहू.

ओबैद सिद्दीकी यांचे नाव आपल्या घरांत फारसे घेतले जात नाही, ते घेतले पाहिजे. 1932 साली उत्तर प्रदेशातील बस्ती येथे त्यांचा जन्म झाला. ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकले, ग्लासगोला डॉक्टरेट केली आणि 1962 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग त्यांनी सुरू केला. पुढे याच फळमाशीवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. चव आणि वास मज्जातंतूंपर्यंत कसे पोहोचतात आणि त्यात जनुकांचा वाटा काय, हा त्यांचा विषय होता. बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र त्यांनीच उभे केले. 2006 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. माशी स्वस्तात वाढते, दहा-बारा दिवसांत तिची नवी पिढी तयार होते आणि माणसाच्या अनेक आजारांशी संबंधित जनुकांसारखी जनुके तिच्यातही सापडतात. म्हणून तुमची मुलगी वाया गेलेल्या वाटेवर नाही.

आता पोस्टर म्हणजे काय? आपले काम एका मोठ्या कागदावर मांडून त्याच्याशेजारी तास-दोन तास उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते समजावून सांगायचे. विचारणाऱ्यांत मोठे शास्त्रज्ञ असतात. पुढे एम.एस्सी. किंवा पीएच.डी.साठी कोणाकडे जायचे, याच्या ओळखी तिथे होतात. मोठ्या शहरातल्या मुलांना ही संधी घराजवळ मिळते. पवनी तालुक्यातल्या मुलीला मात्र त्यासाठी प्रवास करावाच लागतो. इल्मसाठी सफर ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. इमाम बुखारी हदीस गोळा करण्यासाठी शहरोशहरी फिरले, हे आपण मुलांना सांगतोच.

या प्रवासासाठी मदत मिळते. अमेरिकेत पदवीच्या वर्गांना मेंदूविज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकांची एक संघटना आहे. सोसायटी फॉर न्यूरोसायन्सच्या वार्षिक परिषदेत संशोधन मांडणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांना ती प्रवास पुरस्कार देते. आपल्याकडे मोठ्या प्रवास योजना बहुतेक पीएच.डी. आणि त्यापुढच्या संशोधकांसाठी असतात, पण पदवीच्या मुलांसाठीही वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे परिषदेचे माहितीपत्रक. विद्यार्थ्यांची कमी फी आणि प्रवास मदत यांची माहिती बहुधा त्यातच असते. दुसरी, आपले महाविद्यालय. प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा, तोंडी विचारून थांबू नये. तिसरी, ज्या प्रयोगशाळेत काम केले तिथले मार्गदर्शक. त्यांच्या प्रकल्पात प्रवासासाठी तरतूद असू शकते.

ज्यांची मुले अजून सुरुवातीला आहेत, त्यांनी पुढील नावे लिहून ठेवावीत. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती दोन महिन्यांचे विद्यावेतन आणि रेल्वेभाडे देते. एम.बी.बी.एस. आणि बी.डी.एस.च्या मुलांसाठी आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना 1979 पासून आहे. महाराष्ट्रात विद्यापीठांची 'आविष्कार' स्पर्धा आहे. तिथे महाविद्यालयापासून राज्यापर्यंत पोस्टर मांडण्याची सवय होते.

मात्र एक गोष्ट आधीच समजून घ्या. बहुतेक प्रवास पुरस्कारांचे पैसे नंतर मिळतात. तिकीट स्वतः काढायचे, जाऊन यायचे, मग बिले लावायची आणि वाट पाहायची. आधी घर सोडायचे आणि मोबदला मागून यायचा, हे गोसीखुर्दच्या माणसाला वेगळे सांगायला नको. पुरस्कार मंजूर होऊनही हाती रोख नाही म्हणून मूल घरी राहते, ते इथेच.

ही मधली दरी आपण भरू शकतो. लग्नासाठी, आजारपणासाठी आपण कर्जे हसना देतो, तसे या तिकिटासाठीही द्यावे. गावच्या जमातीने पंधरा हजारांची रक्कम वेगळी ठेवली, तर पुरस्कार आला की ती परत येईल आणि पुढच्या मुलाच्या कामी पडेल. घेणाऱ्याने परतीची तारीख लिहून द्यावी. पुरस्काराला उशीर झाला तर देणाऱ्याने सवलत द्यावी.

मुलीने मंजुरीचे पत्र, मार्गदर्शकांचे शिफारसपत्र आणि खर्चाचा अंदाज एकत्र ठेवावा. बँक खाते तिच्या नावावर असावे. मूळ तिकिटे, नोंदणीची पावती आणि हजेरीचे प्रमाणपत्र जपावे, कारण एक कागद हरवला तरी पैसे अडकू शकतात. आणि सावध राहा. ओळख ना पाळख, ईमेलवरून "तुमची निवड झाली, फी भरा" म्हणणाऱ्या परिषदा पुष्कळ आहेत. मार्गदर्शकांना विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

एकटीने जाण्याची काळजी खरी आहे. मार्गदर्शक किंवा त्याच प्रयोगशाळेतल्या मुली जात आहेत का, ते विचारा. आयोजकांकडून मुलींच्या वसतिगृहाची सोय लेखी घ्या. तुम्हाला सोबत जावेसे वाटले तर जरूर जा, फक्त तुमचे तिकीट पुरस्कारात सहसा बसत नाही, ते खर्चात धरा. भंडारा रोडहून नागपूर आणि तिथून बंगळुरू, असा हा रेल्वेप्रवास आहे.

आणि गेलात, तर पोस्टरसमोर थोडा वेळ उभे राहा. मुलीला म्हणा, "बेटा, आता मला समजाव." जे तिला तुम्हाला समजावता येईल, ते ती कोणालाही समजावू शकेल. अल्लाह तिच्या इल्ममध्ये बरकत देवो. आमीन.