थाळी फिरतेय, पण वरण गारच!

रात्री साडेनऊला घरी पोहोचायचं, फ्रीजमधलं वरण बाऊलमध्ये ओतायचं, दोन मिनिटं आणि स्टार्ट. एकटं राहणाऱ्या किंवा दोघंही नोकरी करणाऱ्या घरांत मायक्रोवेव्ह म्हणजे निम्मा स्वयंपाकी. त्यामुळे तो रुसला की थेट हॉटेलचा पार्सल मेनू शोधावा लागतो. पण मंडळी, मेकॅनिकला फोन लावण्याआधी थोडी चौकशी आपणही करू शकतो. कुठपर्यंत करायची आणि कुठे हात आखडता घ्यायचा, एवढं कळलं की झालं.

सगळ्यात कॉमन तक्रार म्हणजे दिवा लागतो, थाळी फिरते, पण अन्न गारच. आधी पॉवर लेव्हल बघा. काल कोणीतरी डीफ्रॉस्टवर किंवा अगदी कमी पॉवरवर ठेवून गेलेलं असतं. काही डिजिटल मॉडेलमध्ये शोरूमसाठी ‘डेमो मोड’ असतो. त्यात आकडे उलटे पळतात, पण गरम काहीच होत नाही. तो बंद कसा करायचा ते मॅन्युअलमध्ये मिळेल (तेच, जे पॉलिथिनमधून अजून बाहेरच आलेलं नाही!).

तरी शंका असेल तर एक सोपी टेस्ट. साधारण 250 मिली साधं पाणी, फुल पॉवर, दोन मिनिटं. 700-800 वॉटचं मशीन असेल तर पाणी उकळीच्या जवळ यायलाच हवं. ग्लासात आइस्क्रीमची लाकडी काडी उभी ठेवा. गुळगुळीत भांड्यात पाणी कधीकधी बुडबुडा न येता उकळीच्या पुढे तापतं आणि हात लावताच उसळतं. पाणी नुसतंच कोमट झालं तर आधी व्होल्टेजवर संशय घ्या. उन्हाळ्यात संध्याकाळी अख्ख्या सोसायटीचे एसी चालू झाले की व्होल्टेज घसरू शकतं. हीच टेस्ट सकाळी करून बघा. पाणी अजिबातच तापलं नाही तर मामला आतला आहे: डायोड, कपॅसिटर, दाराचा स्विच किंवा मॅग्नेट्रॉन.

आणि इथेच थांबायचं. बाहेरचं कव्हर उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. यूट्यूबवर कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन हसतमुखाने उघडताना दिसेल, त्याला हसू दे. मायक्रोवेव्हमधल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो तिथे टिकून राहू शकतो. ‘प्लग काढला की सेफ’ हा मिक्सरचा फंडा इथे चालत नाही. इंजिनीअर असाल तरीही. हा झटका जिवावर बेततो.

ठिणग्या उडाल्या तर मात्र घाबरून जाऊ नका. स्टॉप दाबा, प्लग काढा. गुन्हेगार बहुतेक वेळा ओळखीचा असतो: लग्नात मिळालेल्या बाऊलची सोनेरी कड, पार्सलची चंदेरी फॉइल, टी-बॅगची पिन. यातलं काहीच नसेल तर आतल्या बाजूच्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा चौकोनी तुकडा दिसतो, तो बघा. तो अभ्रकाचा असतो, मेकॅनिक त्याला मायका शीट म्हणतात. भाजीचं तेल उडून तो जळतो आणि मग तिथेच चटचट सुरू होते. साधे डाग असतील तर प्लग काढून ओलसर कपड्याने पुसा. भोक पडलं असेल तर बदलायलाच हवा. पार्ट किरकोळ आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत शोधा. जुना तुकडा सोबत न्या, म्हणजे त्याच मापाचा मिळेल. तो मिळेपर्यंत मशीन बंद.

थाळी अडखळत असेल तर काच उचला. खालच्या चाकांच्या रिंगमध्ये पोह्यातला शेंगदाणा सापडण्याची शक्यता दांडगी! थाळी कधी डावीकडे, कधी उजवीकडे फिरते, तो बिघाड नव्हे. अनेक मॉडेलमधल्या छोट्या मोटारीचा तो स्वभावच आहे. कमी पॉवरवर घुं-घुं आवाज मधेच थांबणं आणि पुन्हा सुरू होणं हेही नॉर्मल.

मशीन पूर्ण मेलेलं वाटलं तर त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. एमसीबी पडलाय का, दार नीट लागतंय का, तेही पाहा. डिस्प्ले चालू आहे पण बटणं ऐकत नाहीत, तर चाइल्ड लॉक. बऱ्याच मॉडेलमध्ये एक ठरावीक बटण काही सेकंद दाबून धरलं की सुटतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणखी एक भानगड असते. किचनमध्ये मोठं सॉकेट नसतं, म्हणून आपण जाड पिनचा प्लग कन्व्हर्टर लावून छोट्या सॉकेटमध्ये कोंबतो. कन्व्हेक्शनचं मशीन दोन हजार वॉटच्या पुढेही खेचू शकतं. प्लग गरम लागतोय, प्लॅस्टिकचा वास येतोय, तर दोष मायक्रोवेव्हचा नाही. घरमालकाशी बोलून 16 अँपिअरचा पॉइंट काढून घ्या. खर्चाचा वाद नंतर घालता येईल.

दार वाकलं असेल, कडी सैल झाली असेल किंवा काचेमागची जाळी फाटली असेल तर वापर लगेच बंद. लहरी आत अडवून धरायचं काम तीच जाळी करते. लीक शोधायला मोबाइल आत ठेवून रिंग द्यायची युक्ती मात्र सोडून द्या. फोनला अगदी क्षीण सिग्नलही पुरतो, त्यामुळे रिंग वाजली तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. वर कोणी चुकून स्टार्ट दाबलं तर फोन गेला!

शेवटी मेकॅनिक आलाच तर ‘मॅग्नेट्रॉन गेला’ हे ऐकून लगेच मान डोलवू नका. डायोड आणि दाराचे स्विच तपासले का, ते विचारा. बिल शोधा, कारण अनेक कंपन्या मॅग्नेट्रॉनवर बाकी मशीनपेक्षा जास्त वर्षांची वॉरंटी देतात. काढलेला जुना पार्ट मागून घ्या. आणि त्याने कव्हर उघडलं की चहाचा कप घेऊन वाकून बघत बसू नका, लांबूनच गप्पा मारा.